आठ घरांना किती कामट्या

विषय : इयत्ता सहावीस संख्यांचे आकृतिबंध व सोप्या बैजिक राशी शिकविण्याबाबत.

संदर्भ : श्री. निरंजन घोलप, उपशिक्षक, प्राथमिक शाळा, हरणवाडी यांचा तालुका गुणवंत शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव. पाने एकशे बारा.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की,

“...आणि हा एक कोण?” दस्तगीर मुजावर गुरुजींनी विचारले.

“कुठला एक, गुरुजी?”

“हा शेवटचा. तीन न अधिक एक... त्यातला.”

निरंजन घोलप हसला.

“माझ्या वर्गात हे कुणी विचारत नाही. थेट उत्तर देतात.”

“सगळे?”

“एकसुरात.”

हातातली बांबूची कामटी गुरुजींनी कोयत्याने आणखी थोडी तासली आणि बाजूच्या ढिगात टाकली.

जागा हरणवाडीच्या पीरसाहेबांचा दर्गा. दर्ग्यापुढची पत्र्याची शेड. मोहरमला बारा दिवस राहिले होते आणि गावचा ताबूत बांधणे सुरू होते. ताबूत म्हणजे कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, आणि मजल्यावर मजला. हरणवाडीचा ताबूत आठ बाजूंचा असतो; बाजूचा एकेक चौकोन म्हणजे एक घर.

गुरुजींनी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. दर्ग्याची देखभाल त्यांच्या घराण्याकडे. ही दुसरी नोकरी त्यांच्या आडनावातच होती. निवृत्तीनंतर ते तिच्यावर रुजू झाले, इतकेच.

निरंजन त्यांचा विद्यार्थी. चौथीत स्कॉलरशिप, सातवीत स्कॉलरशिप, डी.एड.ला जिल्ह्यात दुसरा. पहिला कोण होता हे त्याला अजून सांगता येते, आणि तो कसा पहिला आला हेही.

तो त्या शनिवारी गुरुजींकडे आला तो शिफारसपत्रासाठी. प्रस्तावाच्या रकाना क्रमांक चौदामध्ये, ‘आपणांस ज्यांनी शिकविले अशा एका गुरुजनांचे पत्र’ जोडायचे होते. बाकी सर्व जोडून झाले होते. प्रस्ताव सोमवारी पाचपर्यंत पोहोचायचा होता. पंचायत समितीतल्या ज्या टेबलावर तो पोहोचायचा, त्या टेबलाच्या कारकुनालाच निरंजनने मोटारसायकलवर मागे बसवून, शिक्क्यासकट, सोबत आणले होते. त्यामुळे ही नोंद उपलब्ध आहे.

गुणवंताने आपण गुणवंत असल्याचा अर्ज स्वतः करावा, अशी या पुरस्काराची पद्धत आहे. फायलीत छायाचित्रे सेहेचाळीस. त्यांपैकी चव्वेचाळीसमध्ये निरंजन होता. उरलेल्या दोनांत त्याचा फळा होता.

“काय शिकवलंस ते सांग,” गुरुजी म्हणाले. “पत्रात लिहावं लागेल ना काहीतरी.”

निरंजन सावरून बसला.

“आकृतिबंध, गुरुजी. काड्यापेटीच्या काड्या. एका चौकोनाला चार काड्या. त्याला चिकटून दुसरा केला की सात, तिसरा केला की दहा. दर वेळी तीन वाढतात. म्हणजे न चौकोनांना तीन न अधिक एक. मी भिंतीवरच रंगवून घेतलंय. दोन फूट उंच अक्षरं, ऑइलपेंट. पोरं येता-जाता म्हणतात. शंभर चौकोन म्हणा, क्षणात तीनशे एक.”

“काड्या दिल्यास त्यांना?”

“दिल्या की. पहिल्या दिवशी.”

“मग?”

“मग गोळा केल्या. वेळ जातो त्यात.”

“जातो,” गुरुजी म्हणाले.

चहा आला. तो पिऊन झाला. पत्राचा विषय पुन्हा निघेल म्हणून निरंजनने खिशातून पेन काढून फायलीवर ठेवले. गुरुजींनी पेनाकडे पाहिले आणि कामट्यांच्या ढिगाकडे हात केला.

“हे पत्र लिहीपर्यंत मला एक मजला करून दे. आमची माणसं जेवायला गेलीत.”

“मी?”

“आठ घरांचा आहे. कामट्या किती देऊ?”

“पंचवीस.”

उत्तर यायला क्षणही लागला नाही. गुरुजींनी मान हलवली आणि पंचवीस कामट्या मोजून दिल्या. सगळ्या हातभर लांबीच्या, एकसारख्या. शेडच्या कोपऱ्यात एक मजला बांधून तयार उभा होता. निरंजनची पाठ त्याच्याकडे होती.

“गाठ कशी मारू?”

“सैल. आवळता मागाहून येतं.”

निरंजनने बाह्या दुमडल्या. पांढरा सदरा पुरस्काराच्या फोटोसाठी घेतलेला होता. तो पहिल्या तीन घरांतच बांबूच्या भुशाने भरला. चौथ्या घराला दोरा तुटला. पाचव्यापासून हात बसला. मान खाली घालून तो जमिनीवर एकाला एक घर जोडत गेला, आणि गुरुजी फाईल चाळत राहिले. पत्र त्यांनी अजून सुरू केले नव्हते.

तासाभराने आठवे घर बंद झाले. आठ हात लांबीची शिडी जमिनीवर आडवी पसरली होती.

“एकही उरली नाही, गुरुजी.”

“नाही उरली.”

“कमीही पडली नाही.”

“नाही पडली.”

“सूत्र आहे ना,” निरंजन म्हणाला आणि कपाळ पुसले.

गुरुजी गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी शिडीचे एक टोक धरले.

“ते टोक धर. उचल.”

निरंजनने उचलले.

“आता चल.”

“कुठं?”

“माझ्याकडं.”

दोघे शिडी उभी धरून एकमेकांकडे चालू लागले. सैल गाठी कुरकुरल्या. घरे वाकली, वळली. शेवटी गुरू आणि शिष्य समोरासमोर उभे राहिले, आणि दोघांच्या हातात एकेक उभी कामटी. एकमेकींना चिकटलेल्या.

“एका जागी दोन कशाला?” गुरुजींनी विचारले.

निरंजनने आपली कामटी थोडी मागे ओढली.

“यातली एक सोडावी लागेल,” गुरुजी म्हणाले.

“कुठली?”

“तू ठरव.”

...

निरंजनने गुरुजींच्या हातातल्या कामटीकडे पाहिले. मग आपल्या हातातल्या कामटीकडे. पेपरात त्याने इतका वेळ कधी घेतला नसावा.

त्याने आपल्या कामटीच्या दोन्ही गाठी सोडल्या आणि ती काढून घेतली.

गुरुजींनी मोकळी टोके आपल्या कामटीला बांधली, सगळ्या गाठी आवळल्या आणि हात सोडला. आठ बाजूंचा मजला जमिनीवर आपला आपण उभा राहिला.

“मोज.”

मोजायची गरज नव्हती. तरी निरंजनने मोजल्या.

“चोवीस.”

“हं.”

“पण सरळ रांगेत पंचवीसच लागतात, गुरुजी.”

“पंचवीसच.”

“म्हणजे सूत्र बरोबर आहे.”

“आहे की.”

“मग?”

“मग काही नाही. बस. हे एक पान मला समजलं नाही, ते सांग.”

ते पान त्र्याहत्तर होते. सहावीच्या घटक चाचणीच्या एकतीस उत्तरपत्रिका प्रस्तावाला जोडलेल्या होत्या. तिसांवर उत्तर पंचवीस आणि लाल बरोबरची खूण. त्र्याहत्तराव्या पानावर उत्तर होते चोवीस. शेजारी पेन्सिलीने काढलेले एक चित्र, थोडे वाकडे, गोल वळलेल्या शिडीचे. उत्तरावर लाल फुली. चित्रावर लाल फुली. खाली शेरा : लक्ष नाही.

“चुकलेला पेपर कशाला जोडलास?” गुरुजींनी विचारले.

“मुद्दाम. शंभर टक्के निकाल कुणी खरा मानत नाही. सत्त्याण्णव बरा दिसतो.”

“खरं दिसावं म्हणून एक चुकीचा ठेवला.”

“तसं नाही... चुकलाच होता तो.”

“पल्लवी सुतार. केशव सुतारांची कोण?”

“नात.”

हरणवाडीच्या ताबुताचा पहिला मजला बांधायचा मान सुतारांकडे आहे. हे गावात कुणी कुणाला सांगत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असते. निरंजन शेजारच्या गावचा. त्यालाही ठाऊक होते. पेपर तपासताना मात्र त्याला पुस्तक तेवढे ठाऊक होते.

गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि प्रश्न मोठ्याने वाचला. “‘आठ चौकोन एकमेकांना जोडून करायचे आहेत. एकूण किती काड्या लागतील?’ कुणी काढला प्रश्न?”

“मी.”

“यात रांग कुठं आहे?”

“रांगच असते, गुरुजी. पुस्तकात चित्र आहे.”

“प्रश्नात?”

निरंजनने पान हातात घेतले. प्रश्न स्वतःचा असूनही दोनदा वाचला.

“प्रश्नात नाही.”

“तिला विचारलं होतंस, चोवीस का म्हणून?”

“विचारलं होतं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, सर, शेवटचं घर पहिल्याला लागतं ना.”

“आणि तू काय म्हणालास?”

शेडच्या पत्र्यावर कुठून तरी एक बोर पडले. तिघांनीही वर पाहिले.

“मी म्हणालो... स्वतःचं डोकं लावू नकोस.”

गुरुजींनी फाईल मिटली. रागावले असावेत असे वाटले. पण त्यांनी उदबत्तीच्या कोनाड्यातली काड्यापेटी काढली आणि निरंजनपुढे टाकली.

“बावीस कुणी लिहिले नाहीत?”

“बावीस?”

“आठ चौकोन. बावीस काड्या.”

“होत नाहीत, गुरुजी.”

“बरं.”

एवढे बोलून गुरुजींनी कागद ओढला आणि खरेच शिफारसपत्र लिहायला घेतले. निरंजन काड्यापेटीकडे बघत राहिला. मग त्याने ती जमिनीवर उपडी केली.

नंतरची वीस मिनिटे गुणवंत शिक्षक पुरस्काराचा उमेदवार धुळीत मांडी घालून काड्या मांडत होता. मांडत होता, मोजत होता, मोडत होता. एकदा पुटपुटला, “ही भिंत दोघांची...” एकदा गुरुजींना विचारायला तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. सोबतच्या कारकुनानेही पाचसहा काड्या कमी पडतात म्हणून स्वतःच्या खिशातली पेटी काढली आणि बाजूला आपला प्रयत्न केला.

“चार वर, चार खाली,” निरंजन एकदम म्हणाला. “मधल्या चार काड्या वरच्यांच्याही आणि खालच्यांच्याही. बावीस, गुरुजी. बावीस झाल्या.”

गुणपत्रिका दाखवताना त्याचा आवाज असा कधी झाला नव्हता.

कारकुनाच्या तेवीस आल्या होत्या. पाच वर, तीन खाली. गुरुजींनी वाकून पाहिले.

“हेही बरोबर, भाऊसाहेब.”

कार्यालयात एकोणीस वर्षांत हे वाक्य कुणी म्हटले नव्हते. असो.

गुरुजींनी पत्र पुढे केले. चार ओळींचे. ‘निरंजन घोलप यास मी शिकविले. तो अजून शिकतो. त्याची शिफारस करण्यास मला कमीपणा वाटत नाही. पुरस्कार द्यावा.’ खाली सही, तारीख.

रकाना क्रमांक चौदा भरला. प्रस्ताव पूर्ण झाला. निरंजनने पत्र वाचले, घडी न घालता फायलीत ठेवले, आणि ठेवता ठेवता पान त्र्याहत्तर पुन्हा उघडले.

“भाऊसाहेब, ही फुली काढता येईल?”

“शिक्का आधीच बसलाय.”

“पानच बदललं तर?”

“पानावर क्रमांक आहे, क्रमांकावर सही आहे. दुरुस्तीला वेगळा अर्ज लागतो. अर्जावर साहेबांची मान्यता. ती येईपर्यंत प्रस्ताव पुढे जात नाही.”

“किती दिवस?”

“सोमवारच्या आत नाही.”

कारकुनाला खरे ते सांगणे भाग होते, म्हणून सांगण्यात आले.

“हे पान कुणी बघणार नाही, घोलप. पन्नासच्या पुढं आजवर कुणी गेलेलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही वयाच्या अटीत बसणार नाही. फाईल द्या, मी आत्ता पोच देतो.”

शिक्का पिशवीतून निघाला होता. शाईची डबीही उघडली होती.

गुरुजी पुन्हा कामट्या तासायला बसले होते. त्यांनी वर पाहिले नाही. त्यांनी निदान एकदा पाहावे असे निरंजनला वाटत असावे. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता.

“माझ्या वर्गात एकतीस पोरं आहेत,” तो शेवटी म्हणाला.

“आहेत.”

“एकतीसच्या एकतीस बरोबर आहेत.”

“मग?”

“मग मी सत्त्याण्णव टक्के कशाला लिहून देऊ?” त्याची मान ताठ झाली होती. “माझ्या वर्गाचा निकाल शंभर टक्के आहे, भाऊसाहेब. कुणी खरं मानो, न मानो. कागद द्या.”

हा जुना गर्व बोलत होता की दुसरे काही, हे ठरवणे कारकुनाच्या अखत्यारीत येत नाही. कागद देण्यात आला.

निरंजनने अर्ज तिथेच लिहिला. ‘पान क्रमांक त्र्याहत्तरवरील कुमारी पल्लवी सुतार हिचे उत्तर बरोबर आहे. तपासणाऱ्याचे लक्ष नव्हते. सबब फुली रद्द करावी व शेरा तपासणाऱ्याच्या नावे घ्यावा.’ असा मजकूर याआधी कार्यालयाकडे आलेला नव्हता. प्रस्तावाच्या पोचेसाठी काढलेला शिक्का अर्जावर उमटला.

गुरुजींनी अर्ज मागून घेतला, वाचला, आणि एका ठिकाणी बोट ठेवले.

“‘लक्ष नव्हते’ याच्या आधी ‘पूर्ण’ घाल.”

“का, गुरुजी?”

“तेवढी सवलत घे.”

निरंजनने सवलत घेतली नाही.

सोमवारी पाच वाजले आणि गेले. त्या वर्षीचा पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांच्या प्रस्तावात दोनशे चार पाने होती आणि सर्व उत्तरे सारखी होती.

अर्जावर कार्यालयाने विचारणा केली : एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर कशी? निरंजनने उलट टपाली कळवले की दोन नव्हे, निदान चार आहेत, आणि पुरावा म्हणून बांधलेला मजला स्वतः आणून दिला. आवक नोंदवहीत तो कोणत्या रकान्यात घ्यावा याबाबत एकमत झाले नाही. तो कपाटावर ठेवण्यात आला. प्रकरण गणिताच्या तज्ज्ञांकडे गेले. तज्ज्ञांनी उत्तर पंचवीस असल्याचे कळवून सोबत सूत्र जोडले.

दरम्यान पल्लवी सुतार सातवीत गेली. उत्तरपत्रिकेवरची फुली कायद्याने कायम आहे. वर्गात निरंजनने ती केव्हाच, तिच्यासमोर आणि तीसजणांसमोर, फळ्यावर काढून खोडली. सहावीच्या वर्गातून हल्ली एकसूर ऐकू येत नाही, पोरे सरांशी वाद घालतात आणि काड्यापेट्या फार लागतात, अशी मुख्याध्यापकांची लेखी तक्रार आहे. ती निरंजनने मागून घेऊन वाचली आणि तिची नक्कल आपल्याजवळ ठेवली. फाईल एकशे बारा पानांवरून त्यामुळे एकशे तेरावर गेली, असे तो सांगतो.

तिसऱ्या वर्षीच्या मोहरमला दर्ग्यात निवृत्त मुख्याध्यापक हिंदुराव डुबल आले होते. डुबल सरांचा एक विद्यार्थी प्रांताधिकारी आहे, एक परदेशात आहे, आणि तिघांना पुरस्कार आहेत. हे त्यांनी चहा येईपर्यंत सांगितले. चहा आल्यावर पुन्हा सांगितले.

“आणि गुरुजी, तुमचा तो घोलप? हुशार होता. त्याला मिळाला का हो काही?”

शेडमध्ये कामट्या बांधणारे हात थांबले. गुरुजींनी कोयता बाजूला ठेवला. अंगावरचा भुसा झटकला, टोपी सरळ केली, आणि घरात थोर काही घडल्याचे पाहुण्याला सांगावे, अशा आवाजात म्हणाले,

“त्याचा अर्ज प्रलंबित आहे.”